अंबाचं बारसं

काशीआत्या आमच्या घरी येण्याआधी तिचा आवाज येऊन पोचायचा. अकोल्यात आमची गल्ली लहान होती. तिच्या एका टोकाला आमचं भाड्याचं घर आणि दुसऱ्या टोकाला आत्याचं. पहाटे कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजायचा आणि तो थांबतो न थांबतो तोच गल्लीतून हाक यायची, "भागी, चूल पेटली का नाई अजून?" भागी म्हणजे माझी आई. चूल केव्हाच पेटलेली असायची, पाणी तापलेलं असायचं, भाकरीचं पीठ परातीत मळून तयार असायचं. पण आत्याला उत्तर नको असायचं, या घरातली सून झोपाळू आहे एवढंच तिला गल्लीला ऐकवायचं असायचं. मग ती आत यायची, पदर कमरेला खोचायची आणि झाकणं उघडायला सुरुवात करायची. दुधाचं पातेलं, ताकाचं गाडगं, तेलाची बरणी, सगळ्यांत डोकावून झाल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. वरणात पहिली पळी तिची. "सांभार टाकाले हात काहून आखडते तुहा?" म्हणत ती स्वतःच कोथिंबिरीची मूठ वरणात सोडायची आणि आई मुकाट्याने बाजूला सरकायची. माझी नातसून म्हणते, "आजी, ती बाई जाऊन किती वर्षं झाली, आता तरी सोडा." का म्हणून सोडू? तिने कधी काही सोडलं होतं का?

माझे वडील वकील होते. आम्ही त्यांना बापू म्हणत असू आणि आत्याही बापूच म्हणायची. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा बापूंना या थोरल्या बहिणीनेच वाढवलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं, म्हणून जरा जास्तच जीव लावून वाढवलं, हे मी नाकारत नाही. पण ज्याला आपण वाढवलं त्याचा संसारही आपल्याच मालकीचा, असं तिने धरून टाकलं होतं. संध्याकाळी बापूंच्या बैठकीत मित्र जमले की ठरलेला वाद रंगायचा, वऱ्हाड खरं कोणाचं? कागदावर निजामाचं, हुकूम मात्र नागपूरहून मध्य प्रांताच्या साहेबांचा. बापू या वादात हिरिरीने बोलायचे. माजघरात चिमणीची काच पुसता पुसता आई मला हळूच म्हणायची, "त्याइले इचार, या घरात राज्य कोनाचं हाय." कोर्टात बापू भल्याभल्यांना घाम फोडतात असं लोक सांगत. आत्यापुढे मात्र त्यांची बोलती बंद. "अक्काला विचार," एवढंच उत्तर आईला मिळायचं, मग प्रश्न लोणच्यातल्या मिठाचा असो की माझ्या शाळेचा.

आमची नावंसुद्धा आत्याचीच. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे सगळीकडेच आहे. पण बाकीच्या घरांत नाव आईबाप ठरवतात आणि आत्या नुसती सांगते. आमच्याकडे दोन्ही कामं तीच करायची. तिचे यजमान भिक्षुकी करत. त्यांच्याकडून तिने एक गोष्ट पक्की उचलली होती, की मुलाचं नाव सम अक्षरांचं आणि मुलीचं विषम. मुलीला तीन अक्षरं चालतील, पाच चालतील, दोन मुळीच नाही. म्हणून आम्ही चौघी यमुना, जानकी, गोमती आणि सुभद्रा. ऐकायला किती भारदस्त! पण बारशाच्या घुगऱ्या संपायच्या आत तीच बाई ती नावं तोडून टाकायची. मी थोरली, माझी यमी झाली. मग जनी, गोमी आणि सुभी. "यमे, भांडे घास." "गोमे, ऊठ तिथून." पूर्ण नाव देवापुढे दाखवायला आणि हाक मारायला उरलेला तुकडा. आईचंही तेच. लग्नात तिचं नाव भागीरथी ठेवलं गेलं, तेही आत्यानेच सुचवलेलं. मोजून चार अक्षरं. सुनेच्या बाबतीत शास्त्राची अडचण येत नसावी. मांडवातून वरात घरी पोचेपर्यंत त्या भागीरथीची भागी झालेली होती. लग्नाआधी आईचं नाव काय होतं हे आम्हा बहिणींना ठाऊक नव्हतं आणि विचारावं असं कधी सुचलंही नाही.

आई पाचव्या वेळी बाळंत झाली तेव्हा मला चांगलं कळत होतं. मागच्या खोलीत शेगडीवर ओवा जळत होता, त्याचा धूर सगळ्या घरात भरला होता, आणि आम्ही चौघी अंगणात एकमेकींना चिकटून बसलो होतो. सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "लक्ष्मी आली, बाई." आत्या ओट्यावर बसली होती. ती उठलीसुद्धा नाही. "आमच्या घरात लक्ष्म्या लय झाल्या," ती म्हणाली, "आता ठेवाले जागा नाई." बाळंतिणीचे डिंकाचे लाडू वळायचं काम तिचंच. माझ्या वेळी म्हणे लाडू तुपाने हाताला चिकटायचे. मग दर मुलीमागे तूप कमी होत गेलं. या वेळचे लाडू इतके कोरडे होते की ताटलीतून उचलले की त्यांचा भुगा व्हायचा. आई तो भुगा चमच्याने खायची. आजही कोणाच्या घरचा लाडू हातात फुटला की माझं डोकं फिरतं.

मग अमरावतीहून मामा आला. पाळणा माहेरचा, म्हणून तो पाळणा घेऊन बडनेऱ्याला गाडी बदलून आला, आणि दुसऱ्या हातात संत्र्यांची टोपली. दारात वहाणा काढता काढताच त्याने आत हाक मारली, "अंबे, झोपली का व?"

मी मागे वळून पाहिलं, ही अंबा कोण? तेवढ्यात मागच्या खोलीतून आईचा आवाज आला, "ओ!" हाकेला ओ देताना मी आईला कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात हाक आली की ती हातातलं काम टाकून उठून उभी राहायची. तो "ओ" एखाद्या लंगडी खेळणाऱ्या पोरीचा होता. मी आत धावले तर ती बाजेवर उठून बसली होती आणि तिचं तोंड हसून फुललं होतं. मामाने सांगितलं, अमरावतीला त्यांचं घर अंबादेवीच्या देवळाच्या मागच्या गल्लीत, आरतीची घंटा घरात ऐकू यायची, आणि घंटा वाजत असतानाच ही जन्मली म्हणून अंबा. तो दुपारच्या गाडीने परत गेला. आई पाळण्याच्या रंगीत दांड्यावरून बराच वेळ हात फिरवत होती. मग तिने मला विचारलं, "हिचं नाव अंबाच ठेवलं त?"

बापूंना तिने संध्याकाळी सांगितलं. बापू म्हणाले, "अक्काला विचार." मग दुसऱ्या दिवशी तिने खरंच विचारलं. आत्या स्वयंपाकघरात घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसली होती. बाळंतिणीला तिकडे जायची बंदी, म्हणून आई आपल्या खोलीच्या उंबऱ्याशी बाळ मांडीवर घेऊन बसली आणि तिथूनच बोलली.

"वन्सं, मी पोरीचं नाव ठरवलं. अंबा."

आत्याने मान वर केली नाही. "दोन अक्षरी नाव पोरीले ठेवत नसतात."

"मंग तुमचं काशी कसं ठेवलं?"

असा प्रश्न आमच्या घरात कोणी कधी विचारला नव्हता. गोमी तर पळून अंगणात गेली. आत्याचा हात सुपात थांबला. "म्हूनच माही कूस उजवली नाई," ती म्हणाली. "मले मालूम हाय दोन अक्षरानं काय होते ते. म्हून सांगून राहिली." त्या एका वाक्यापुरती मला तिची कीव आली, हे मी लिहून ठेवते. पण ती तिथे थांबली असती तर काशीआत्या कसली? तिने सूप बाजूला सारलं आणि आता तिला ते नाव कुठलं हे आठवलं. "अंबा? तुहं माहेरचं नाव व्हय ना ते? लग्नात मी ते तुह्या अंगावरून उतरवलं, आन् आता तू ते पाळन्यातून परत आनून राहिली? तुमच्या अमरावतीची देवी तिकडंच राहू दे. हिचं नाव मी ठरवलं हाय. नकोशी."

"काय?"

"नकोशी. तीन अक्षरं हायेत, शास्त्रात बसते. देवाले बी समजन, आता पोरी बस झाल्या मनून."

आईने मांडीवरच्या बाळाचे कान दोन्ही हातांनी झाकले. "ज्या पोरीले बोलता बी येत नाई," ती म्हणाली, "तिले जल्मभर लोकाइले सांगत फिराले लावता, का मी कोनाले नको होती म्हून?"

"कानात नाव सांगनार कोन? मी. आन् एकदा कानात गेलं का गेलं, मंग ते ब्रह्मदेवालेही काढता येत नाई." एवढं बोलून आत्या परत हरभरे निवडायला लागली.

त्या रात्री बापू आईची समजूत घालत होते. अक्काचं मन मोडू नको, नावात काय आहे, आपण घरात वाटेल ती हाक मारू. आई म्हणाली, "हाक मारनारे तुमी नाई, गल्ली हाय." बापूंनी कूस बदलली. मोठा वकील, पण घरच्या खटल्यात त्यांनी कधी वकीलपत्र घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई बाळाला तेल लावत होती आणि मी शेजारी वाटी धरून बसले होते. आत्या घरी नव्हती. आई म्हणाली, "तुमच्या चौघीइचे नावं तोडले, माहं बी तोडलं. हिच्या नावात तोडाले जागाच ठेवत नाई मी. अंबा. यातलं काय तोडतीन? आन् कोनी चिडून हाक मारली तरी तोंडातून अंबेच निघन, देवीले हाक मारल्यासारखं." मी म्हटलं, पण आत्या कानात दुसरंच सांगणार. आईने बाळ पालथं केलं आणि पाठीवरून हात फिरवत विचारलं, "बारशाले आत्याच्या पाठीत धपाटे मारतात, मालूम हाय ना तुले?"

मालूम होतंच. ही आमच्याकडची गमतीची रीत. आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानाशी कुर्रर्र करते, नाव सांगते, आणि नाव सांगून झालं की बाकीच्या बाया तिच्या पाठीत लाडाने धपाटे घालतात.

"नाव सांगून झाल्यावर मारतात," आई म्हणाली. "तू आधी मार."

"किती जोरात?"

"तुले वाटन तेवढ्या जोरात," आई म्हणाली.

बारशाला गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या. बैठकीत बापू आणि चार पुरुष, माजघरात आम्ही. मामाचा पाळणा आढ्याला टांगला होता, त्याला झेंडूची माळ, खाली रांगोळी, आणि परातीत घुगऱ्यांचा डोंगर, वर खोबऱ्याचे काप. आत्या जरीकाठी लुगडं नेसून, नाकात नथ घालून आली होती. तिने बाळासाठी लाल कुंची शिवून आणली होती. ती तिने स्वतःच्या हाताने बाळाच्या डोक्याला बांधली आणि हनुवटीखाली गाठ मारली. कुंची सुरेख होती, हेही खरं. शिवणात तिचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. मग "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बायांनी बाळाला पाळण्याच्या खालून-वरून फिरवलं आणि पाळण्यात ठेवलं. आई पाटावर बसून होती, डोक्यावरून पदर, नजर खाली. आत्या ऐटीत पुढे झाली, पाळण्याची दोरी धरून वाकली आणि बाळाच्या कानाशी म्हणाली, "कुर्रर्र..."

मी धपाटा घातला. दोन्ही हात एकत्र करून, परातीत पिठाचा गोळा आपटतात तसा. पाठोपाठ जनी, गोमी आणि सुभी. सुभीचा हात पाठीपर्यंत पोचत नव्हता म्हणून तिने कमरेवर भागवलं. बायांना वाटलं नाव सांगून झालं. त्या हसत हसत पुढे आल्या आणि त्यांनीही सुरुवात केली. आणि मग मला जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांतल्या एकीचंही मारणं लाडाचं नव्हतं. कोणाच्या पापडांना आत्याने चारचौघांत नावं ठेवली होती, कोणाच्या मुलीची सोयरीक तिच्या एका वाक्याने मोडली होती, कोणाला तिने बांगड्यांवरून हिणवलं होतं. रीतीने मारायची परवानगी दिली होती आणि ती वापरायला कोणीही अनमान केला नाही. आत्याला ठसका लागला. तिची नथ पाळण्याच्या जाळीत अडकली. "थांबा व! सांगू त द्या!" ती ओरडत होती, पण त्या कलकलाटात बायांना ते बारशाच्या खेळातलंच वाटलं.

त्याच वेळी आई उठली. पाळण्याच्या दुसऱ्या बाजूने वाकली, कुंचीची कडा बोटाने वर केली आणि बाळाच्या कानात बोलली. मग सरळ उभी राहून मोठ्याने म्हणाली, "अंबा."

"अंबा, अंबा!" बाया टाळ्या वाजवून म्हणाल्या आणि कोणीतरी पाळणा म्हणायला सुरुवातही केली. आत्याने नथ सोडवली. तिचं तोंड लाल झालं होतं. "म्या नाई सांगतलं ते!" ती किंचाळली. "मी नकोशी सांगनार होती! नकोशी!"

पाळणा थांबला. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या गोदूबाई पुढे आल्या. आत्याला अरेतुरे करू शकेल अशी गल्लीत ती एकच बाई होती. "काशे," त्या म्हणाल्या, "लेकराच्या बारशाले असं नाव घेऊन आली होती तू? आता कानात गेलं ते गेलं."

आत्याने कोणाकडे पाहिलं नाही. पाळण्यात हात घालून तिने कुंचीची गाठ सोडली, बाळाच्या डोक्यावरून कुंची ओढून काढली आणि पदराखाली घेतली. बाळ रडायला लागलं. घुगऱ्यांचा दाणाही न घेता ती बैठकीत गेली आणि बापूंपुढे उभी राहिली. "बापू, तुह्या पोरीइनं मले मारलं."

बापूंनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "अक्का, बारशाला मारतातच." बापूंनी बायकोची बाजू घेऊन बोललेलं मी ऐकलेलं ते एकच वाक्य.

माणसं सांगतात की अशा गोष्टी काळाबरोबर विरतात. आमच्याकडे काही विरलं नाही. आत्या काही महिने आली नाही, मग परत यायला लागली, भोंग्यामागून हाकही परत आली, आणि तिने त्या मुलीला आयुष्यात एकदाही अंबा म्हटलं नाही. गल्लीच्या त्या टोकावरून ओरडायची, "नकोशे, इकडं ये." अंबा ढुंकूनही बघायची नाही. तिला कोणी शिकवलं नव्हतं. आत्या समोर येऊन उभी राहिली, खांदा धरून हलवलं, तरी ती शांतपणे विचारायची, "कोनाले बोलावून राहिली तू?" आई हे सगळं ऐकायची आणि भाकरी थापत राहायची.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा आत्या आमच्या घरी अंथरुणाला खिळलेली होती. तिचे यजमान गेले, मग तिचे पाय गेले, आणि बापूंनी तिला उचलून आणलं. आईने एका शब्दाने विरोध केला नाही. दुधात भाकर कुस्करून भरवायची, लुगडी धुवायची, पाठीला तेल लावायची. तीच पाठ. लाडू मात्र तिने आत्याला भरपूर तुपातले करून दिले.

चैत्रातली दुपार होती. अकोल्याचं ऊन काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही; मडक्यातलं पाणीसुद्धा कोमट व्हायचं. आत्या बाजेवर पडली होती. बाजेला टेकून अंबा चिंच फोडत बसली होती, परकर खोचून, चिंचोके एका बाजूला टाकत. मी भिंतीशी आडवी झाले होते. आई आत स्वयंपाकघरात होती.

"नकोशे, पानी दे," आत्या म्हणाली.

अंबाने चिंचोका बाजूला टाकला.

"नकोशे! बहिरी झाली का?"

अंबाने पुढची चिंच घेतली. मग आत्याची मान माझ्याकडे वळली. "यमे, तू त दे." मी कोपरावर उठणार तेवढ्यात दारातून आईने माझ्याकडे पाहिलं. मी परत आडवी झाले. मग आत्याने जोर काढून जुनी हाक दिली, "भागी! ए भागी!"

आई दारातून आत निघून गेली. भांड्याचा आवाज नाही, बांगडीचा आवाज नाही. आत्या जिभेने ओठ ओले करायला लागली. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं, रागाचं की कशाचं मला माहीत नाही, आणि मला ते विचारायचंही नव्हतं. बाहेरून सरकीची एक बैलबंडी खडखडत गेली. ती दूर गेल्यावर आत्या बोलली. आवाज इतका बारीक होता की आधी मला वाटलं ती पुटपुटतेय.

"अंबे."

"ओ!"

दोघींनी ओ दिला. बाजेपाशी अंबाने आणि आतून आईने, एकाच वेळी. तसाच, लंगडी खेळणाऱ्या पोरीचा. आई पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन बाहेर आली. अंबाने आत्याची मान उचलून धरली आणि आईने पेला तिच्या ओठांना लावला. आत्या अधाशासारखी प्यायली, पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, पेला रिकामा झाला. आईने तो परत भरला. आत्याने तोंड पुढे केलं.

आईने पेला जरा मागे घेतला.

"आनखी एकदा म्हना, वन्सं," ती म्हणाली.